अडीच म्हणजे अडीच

आत्याने बैठकीची वेळ अकराची ठरवली आणि पहिली ठिणगी तिथेच पडली.

"या घरातली प्रत्येक बैठक आजवर आठला झाली," वहिनी कपबशा मांडता मांडता म्हणाली. बोलत होती ती नवऱ्याशी, पण आवाज असा लावला होता की लाकडी पडदीपलीकडे बसलेल्या ताईला शब्दन् शब्द ऐकू जावा. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथे नवऱ्याला बोललेलं नणंदेला लागायचं होतं. "शिक्का घेणाऱ्याचे हातच जर अकराला जागे होणार असतील, तर गिऱ्हाइकांनाही सांगून ठेवू या. दुपारनंतर या म्हणावं, सकाळी आमचे हात झोपलेले असतात."

भाऊ 'हं' म्हणाला. भाऊच्या 'हं'ला सात-आठ अर्थ होते आणि त्यातला कुठलाही बायकोला विरोध करणारा नव्हता.

ताईने ऐकलं. एरवी तिने दोन शब्द ऐकवले असते. पन्नाशीला टेकलेली, या घरातली थोरली, तिची जीभ काही सांध्यांसारखी आखडलेली नव्हती. पण आज वहिनी खोटं बोलत नव्हती, आणि खऱ्याला उलट उत्तर देणं ताईला कधी जमलेलं नव्हतं. ती साडेसहाला उठली होती. नळ कोपराने उघडला होता. झग्याची बटणं लावायला घेतली, दोन लावली, बाकीची सोडून वर स्वेटर चढवला. मग गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि वाट बघत बसली. साडेदहाला कुठे बोटं मिटायला लागली. सात आठवड्यांपूर्वी हेच हात आठला कामाला लागायचे.

हे घर वजनं करायचं. मोठी तोलाईची नव्हे, बारीक, पितळेची. औषधांच्या दुकानांत, शाळांच्या प्रयोगशाळांत, टपाल कचेरीत लागणारी. पुढचं दालन दुकान, मधलं कारखाना, मागची दोन घर. आता सगळीकडे विजेवरचे काटे आले होते, पण ते काटे खरं बोलतात की नाही हे बघायलाही शेवटी एक खरं वजन लागतंच, आणि ते इथून जायचं. भाऊ लेथवर वजन कातायचा. ताई ते काचपेटीतल्या काट्यावर तोलायची आणि बरोबर करायची. कमी भरलं तर वजनाच्या पोटात एक भोक असतं, त्यात शिसं भरायचं. जास्त भरलं तर कानस. आणि सगळं जमलं की आत्या त्या शिशावर घराचा शिक्का ठोकायची. गव्हाच्या दाण्याएवढा ठसा, पण तो उमटला की कुठल्याही दुकानात ते वजन पुन्हा कुणी तोलून बघत नसे. आत्याने तो शिक्का छत्तीस वर्षं सांभाळला होता. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही, एका मोठ्या कंपनीने बोलावलं तेव्हा त्यांना चहा पाजून परत पाठवलं. आज एक्याऐंशीव्या वर्षी ती शिक्का खाली ठेवणार होती. कुणाच्या हातात, ते अकराला ठरायचं होतं.

दोन महिन्यांपूर्वी हा प्रश्नच नव्हता. ताईच.

मग काय झालं? सुरुवात जुनी, तीन वर्षांपूर्वी सांधे सुजले, तेव्हा डॉक्टरांनी नाव सांगितलं, कायम राहणारा संधिवात. शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं, असं समजावलं. आठवड्यातून एकदा घ्यायचं एक औषध दिलं, ते मुरायला वेळ लागणार म्हणून तोवर आग विझवायला स्टेरॉइड. तीस मिलिग्रॅमपासून सुरुवात. ते तीस मिलिग्रॅम म्हणजे जादू होती. आठवड्यात ताई पायऱ्या धावत चढायला लागली. पण जादू फुकट नसते. झोप गेली, भूक दुप्पट झाली, राग नाकाच्या शेंड्यावर आला आणि चेहरा असा गोल झाला की आत्या तिला 'पौर्णिमा' म्हणून हाक मारू लागली. म्हणून डॉक्टर म्हणाले, आता उतरायचं. हळूहळू, एकेक पायरी. गोळी एकदम सोडायची नाही, कारण इतके दिवस बाहेरून मिळाल्यावर शरीर स्वतःचं तयार करायचं विसरलेलं असतं, त्याला आठवण यायला वेळ द्यावा लागतो. तीसवरून वीस, पंधरा, दहा. मग साडेसात. मग पाच. एका एका पायरीवर ताई महिनोन्‌महिने बसून राहिली. दोनदा घसरली, परत वर गेली, परत उतरली. चेहऱ्याला हाडं दिसायला लागली. आत्या म्हणाली, "चतुर्थी आली गं."

आणि आता अडीच. पाचच्या गोळीचा अर्धा तुकडा. सात आठवडे झाले. पहिल्या पंधरवड्यातच हात बिघडायला लागले आणि बिघडतच गेले. गेल्या महिन्यात तिने केलेल्या वजनांपैकी सात तिचीच तिने बाद केली होती. शुक्रवारी रक्ताचा अहवाल आला, सूज थोडी वाढलेली. डॉक्टरांची भेट गुरुवारी होती. ते म्हणाले होते, दुखणं परत येतंय की शरीर गोळी सोडताना कुरकुरतंय, ते बघून सांगतो. पण ताईने मनाशी निकाल लावून टाकला होता. दुखणं परत आलं. हात गेले.

म्हणून तिने रात्रंदिवस घोकून एक वाक्य तयार ठेवलं होतं. आत्याने विचारायच्या आत म्हणायचं, 'मला शिक्का नको, भाऊला द्या.' एवढंच. रडायचं नाही. वहिनीच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपल्या तोंडून निघालेलं बरं.

अकराला पाच मिनिटं असताना तिची लेक आली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेत रसायन शिकवायची, आणि घरातल्या सगळ्यांना इयत्ता सातवीत समजायची. तिचे वडील जहाजाच्या इंजिनखोलीत, सहा महिन्यांतून एकदा उगवणारे, त्यामुळे आईवर देखरेख ठेवायची जबाबदारी तिने परस्पर घेतली होती.

"आई, स्वेटर? या उन्हात?"

"असू दे."

लेकीने खाली वाकून बघितलं, स्वेटरखालची बटणं लावली आणि पिशवीतून गोळ्यांची नवी पट्टी काढली. "औषधवाल्याकडून घेऊन आले. डबी कुठाय? भरून ठेवते."

"मामा भरतो ती. दर दुसऱ्या रविवारी."

"मामा आज कामात आहे." आणि तिने कामाच्या टेबलावर डबी उघडलीसुद्धा.

आत्या आली. काठी टेकत, पण पाठ सरळ. तिने आपल्या उंच स्टुलावर बैठक मारली, छोटी पत्र्याची पेटी मांडीवर ठेवली. भाऊ लेथला टेकून उभा राहिला. वहिनीने चहा फिरवला. चहा तिने उत्तम केला होता. वहिनीच्या हातून कुठलीच गोष्ट वाईट व्हायची नाही, हीच तिची अडचण होती, तिला दुसऱ्याचं वाईट झालेलं सहन होत नसे.

"बोला," आत्या म्हणाली. "मी शेवटी बोलेन. आधी ज्याच्या पोटात जे आहे ते बाहेर येऊ द्या."

"मी बोलू?" वहिनीने पदर सारखा केला. "ताईंबद्दल माझ्या मनात काही नाही. त्यांच्याइतकी नजर कुणाची नाही, हे मी चारचौघांत सांगेन. पण गेल्या महिन्यात सात वजनं बाद झाली. सात! सकाळी चार तास त्यांना पेन्सिल धरता येत नाही. हे दुखणं बरं होणारं नाही, हे डॉक्टरांनीच सांगितलंय. शिक्का म्हणजे शोभेची वस्तू आहे का? ज्याचे हात चालतात त्याच्याकडे द्या."

"म्हणजे माझ्या भाच्याकडे."

"नाव मी घेतलं नाही."

"तू नाव घेत नाहीस, सूनबाई, तू बोट दाखवतेस. भाऊ, तुझं काय म्हणणं?"

भाऊने चहाच्या कपात बघितलं. "ताईनंच घ्यावा असं मला वाटतं," तो म्हणाला, आणि वहिनीची मान गर्रकन वळली. तेवीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडत होतं. "पण तिला झेपत नसेल, तर मग... मी काय, जसं ठरेल तसं."

"हे धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही," आत्या म्हणाली. "पोरी, तू बोल."

ताईने श्वास घेतला. वाक्य तोंडाशी आलं होतं. मला शिक्का नको. तेवढ्यात तिची नजर टेबलावर गेली, म्हणजे मुद्दाम गेली नाही, तीस वर्षं टेबलाकडे बघायची सवय होती म्हणून गेली. लेकीने नवी गोळी मधल्या रेघेवर दाबून मोडली होती आणि दोन तुकडे डबीच्या झाकणात ठेवले होते. डबीच्या खणांत भाऊने भरलेले जुने तीन तुकडे अजून शिल्लक होते. नवा तुकडा आणि जुना तुकडा शेजारी शेजारी.

ताई उठली. खुर्चीच्या हाताला धरून उठावं लागलं, पण उठली. ती टेबलाशी गेली आणि वाकली.

"ते माझ्याकडे सरकव," ती लेकीला म्हणाली. "आणि भिंग."

"ताई, आपलं बोलणं चाललंय," वहिनी म्हणाली.

ताईने भिंग डोळ्याला लावलं. मोडलेल्या गोळीची कड खडबडीत असते, पिठासारखी. नवा तुकडा तसा होता. जुन्या तुकड्याची कड मात्र गुळगुळीत होती, आणि तिच्यावर बारीक, सरळ, एकमेकींना समांतर रेघा होत्या. असल्या रेघा जगात एकाच गोष्टीने पडतात आणि ती गोष्ट या खोलीत भिंतीवर चढत्या क्रमाने टांगलेली होती.

"भाऊ," ताई म्हणाली, "ह्या तुकड्यांना कानस लागलीये."

भाऊचा चेहरा उजळला. खरंच उजळला! इतक्या दिवसांच्या कामाची कुणीतरी दखल घेतल्यासारखा. "मग काय तर! तुला कळायचं नाही असं वाटलं होतं. अगं, या गोळ्या म्हणजे काय माल आहे का? मधे रेघ पाडून ठेवतात आणि मोडायला गेलं की एक तुकडा त्रेपन्न, दुसरा सत्तेचाळीस. एक तर पासष्टचा आला. तू पहिल्याच रविवारी म्हणालीस, सगळे सारखे असू देत रे, रोज तेवढीच जायला हवी. मी काट्यावर घेतले सगळे."

"आणि?"

"आणि केले सारखे."

"कशाबरोबर सारखे?"

"सगळ्यात हलका होता त्याच्याबरोबर. तोच नमुना धरला." भाऊ थांबला. ताईच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज जरा खाली आला. "कमी असेल तिथे वाढवणार कसं? गोळीच्या पोटात काय शिसं भरता येतं? जास्तीचं काढायचं, एवढंच हातात राहतं ना."

ताईने काचपेटीचं दार वर केलं. तिला चिमटा धरायला दोन प्रयत्न लागले. नवी अख्खी गोळी पारड्यात ठेवली, काटा स्थिर व्हायची वाट बघितली. शंभर मिलिग्रॅम. मग नवे तुकडे. बावन्न आणि अठ्ठेचाळीस. मग भाऊचे.

पस्तीस. पस्तीस. पस्तीस.

"बघ!" भाऊच्या तोंडून निघून गेलं. "तिन्हींत एका मिलिग्रॅमचा फरक नाही."

"मामा," लेक म्हणाली. ती पांढरीफटक पडली होती. "अर्धी गोळी पन्नासची असायला हवी. पस्तीस म्हणजे सत्तर टक्के. आईला अडीचच्या जागी पावणेदोन जातंय. सात आठवडे!"

भाऊ मट्‌कन स्टुलावर बसला. हिशेब त्याला क्षणात कळला, तोही याच घरचा होता. "पण मी टाकलं काहीच नाही," तो पुटपुटला. त्याने ड्रॉवर ओढला आणि त्यातून घडी घातलेली कागदाची पुडी काढली. पितळेचा कीस कधी टाकायचा नाही, तो जपून ठेवायचा, ही या घराची शिस्त. पुडीवर त्याच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'ताईचा चुरा'.

ताईला हसू आलं. रडूही आलं. दोन्ही एकदम आलं आणि त्यात हसणं जिंकलं. ती टेबलाला धरून हसत सुटली, आत्या हसली, आणि भाऊ बिचारा पुडी हातात धरून दोघींकडे बघत राहिला.

हसली नाही ती वहिनी. ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "सात आठवडे मी त्या बाईला नावं ठेवतेय," ती म्हणाली, "हात चालत नाहीत म्हणून. घराघरांत सांगितलं मी. आणि तुम्ही? तुम्ही रविवारी रविवारी इथे बसून तिचं औषध घासत होतात? माणसाचं औषध आहे ते, काय दरवाजाची बिजागरी आहे?"

"मला वाटलं..."

"तुम्हाला वाटलं! एक शब्द विचारला असतात कुणाला!" मग ती ताईकडे वळली, आणि ज्या तोंडाने मघाशी सात बाद वजनं मोजली त्याच तोंडाने म्हणाली, "ताई, मघाचं माझं बोलणं मी मागं घेते. सगळं." वहिनीचं हे एक होतं. चूक कळली की ती कोपऱ्यात लपवायची नाही, अंगणात आणून ठेवायची. ताईला ती त्या क्षणी फार आवडली.

"त्याला ओरडू नको गं," ताई म्हणाली. "सारखे कर, असं मीच म्हटलं होतं. आणि माझ्या डोळ्यांसमोरून रोज एक तुकडा जात होता. मी बघितला का नीट? दुखत होतं म्हणून डोळे मिटून गिळत होते."

लेकीने तोवर दवाखान्याला फोन लावला होता. रविवार असल्यामुळे ड्यूटीवरच्या डॉक्टरीणबाई होत्या. लेकीने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. कानशीचा उल्लेख आला तेव्हा बाईंनी तो शब्द पुन्हा सांगायला लावला.

"कानस," बाई म्हणाल्या. "बरं. ताप, उलटी, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, असं काही?"

"नाही. आखडतं फार. थकवा," ताई म्हणाली.

"ठीक. उद्या सकाळपासून पूर्ण अडीच सुरू करा, खाल्ल्यावर. जास्तीचं काही घ्यायचं नाही, राहिलेलं भरून काढायचं नाही, आणि ती पुडी कृपा करून फेकून द्या. गुरुवारी तुमच्या डॉक्टरांना भेटा, मी नोंद करते. दुखणं यामुळेच वाढलं असेल असं मी आता सांगू शकत नाही, पण कारण हेही असू शकतं. मधे चक्कर किंवा उलट्या झाल्या तर थांबायचं नाही, सरळ इकडे यायचं. आणि एक मिलिग्रॅमच्याही गोळ्या मिळतात, गुरुवारी त्यांचं विचारा. म्हणजे फार कापाकापी उरणार नाही."

फोन बंद झाला. भाऊने पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. या घरात कीस टाकणारा तो पहिलाच माणूस असेल.

आणि मग, खोलीची हवा बदलली. ताईला ती बदलताना कळली. आधी आत्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"थांबा," आत्या म्हणाली. "म्हणजे ही पोरगी सात आठवडे पावणेदोनवर उभी आहे?"

"हो," लेक म्हणाली.

"न सांगता, न सवरता. आणि रोज टेबलावर येऊन बसत होती." आत्याने काठी जमिनीवर आपटली. "भाची कुणाची आहे!"

"मी म्हणतच होते," वहिनी म्हणाली, जी असलं काही म्हणत नव्हती. "ताई म्हणजे पोलाद. अहो, मग आता परत अडीच कशाला? उतरलेली पायरी पुन्हा चढायची? सात आठवड्यांचा त्रास भोगून झालाय, तो वाया घालवायचा? आहात तिथूनच पुढे उतरा की!"

"तेच म्हणतो मी," भाऊ हळूच म्हणाला. त्याला आपल्या चुकीचं काहीतरी चांगलं झालेलं हवं होतं. "बाकीचा डोस तेवढा लवकर संपेल. वर्षाअखेर सुटशील."

"मामा, मामी, डॉक्टर काय म्हणाल्या ते..." लेकीने तोंड उघडलं, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तिघं एका बाजूला झाले होते. सकाळी जी तीन तोंडं तीन दिशांना होती, ती आता एका सुरात ताईचं कौतुक करत होती.

ताईला मोह झाला. हे लपवण्यात अर्थ नाही, फार मोठा मोह झाला. तीन वर्षं ती या गोळीचा द्वेष करत आली होती. आरशातला तो परका गोल चेहरा, रात्री तीनला उघडे डोळे, विनाकारण लेकीवर काढलेला राग. पावणेदोन! न कळता ती इतकी खाली आली होती. परत वर जायचं म्हणजे हरल्यासारखं. आणि समोर तिघं जण होते, तिच्याकडे असे बघत होते जसं वर्षभरात कुणी बघितलं नव्हतं. कीव न करता. मान ताठ करून.

तिने बोटं मिटून बघितली. पूर्ण मिटली नाहीत.

"भाऊ," ती म्हणाली, "या घरातून पावणेदोनचं वजन, अडीचचा शिक्का मारून, कधी बाहेर गेलंय?"

भाऊने मान हलवली. नाही.

"कमी भरलं तर आपण काय करतो? गिऱ्हाइकाला सांगतो का, की राहू दे, तुझा फायदाच आहे, उचलायला हलकं?" ती वहिनीकडे वळली. "वहिनी, तुझी माया मला कळते. पण मी पोलाद नाही. पोलाद असते तर सकाळी नळ उघडला असता. माझं शरीर सात आठवडे ओरडून सांगत होतं की कमी पडतंय, आणि मी त्यालाच नालायक ठरवत होते. आता काट्यानं सांगितलंय. अडीच म्हणजे अडीच. मी उद्या वर जाणार, तिथे स्थिर होणार, आणि मग डॉक्टर सांगतील तेव्हा खाली येणार. त्याला दोन वर्षं लागली तर लागली. आणि समजा, कधीच शून्यावर आले नाही, तरी मी खोट्या आकड्यावर राहणार नाही."

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की घोकलेलं वाक्य म्हणायचं राहूनच गेलं. आता ते तोंडात येईना. खरं सांगायचं तर तिला ते म्हणायचंच नव्हतं, सकाळीही नव्हतं.

"आणि शिक्का मला हवाय," ती म्हणाली. "हात कसे राहतील, मला माहीत नाही. कानस भाऊच्या हातात राहू दे, वजनावर चालवताना त्याच्यासारखा हात नाही. शिसंही तोच भरेल. पण काटा माझा. बरोबर की बाद, हे मी ठरवणार. अकरानंतर."

"अकरानंतरच या म्हणावं," वहिनी ठणकावून म्हणाली, "नाहीतर दुसरं दुकान बघा म्हणावं. आहे का दुसरं?"

भाऊने सुटकेचा निःश्वास टाकला. त्याला शिक्का कधीच नको होता, आणि हे बायकोला सांगायचं धाडस त्याला तेवीस वर्षांत झालं नव्हतं.

आत्याने मांडीवरची पत्र्याची पेटी उघडली. आत शिक्का होता, बोटभर लांबीचा, हाताळून काळपट झालेला. त्याच्या शेजारी एक पन्नास ग्रॅमचं वजन होतं, नवंकोरं, चकचकीत.

"हात बरे होतील की नाही ते डॉक्टर बघतील," ती म्हणाली. "मला जे बघायचं होतं ते मी बघितलं. घे." तिने शिक्का ताईच्या तळव्यावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तिची बोटं त्याभोवती हळूच मिटवली, दुखणार नाही अशी. "आणि हे माझं शेवटचं वजन. गेल्या आठवड्यात दार लावून बसले आणि केलं. तोललं, शिसं भरलं, सगळं माझ्या हातानं. रीत आहे, जाणाऱ्याच्या शेवटच्या वजनावर येणाऱ्यानं पहिला ठोका मारायचा. मी माझ्या काकांच्या वजनावर मारला होता."

भाऊने हातोडी आणून दिली. लेकीने फोन फोटोसाठी तयार धरला. वहिनी डोळे पुसत होती.

ताईने हातोडी बाजूला ठेवली आणि वजन चिमट्याने काचपेटीत नेलं.

"अहो ताई, ते आत्यांनी तोललंय," वहिनी कुजबुजली.

ताईने दार खाली केलं. काटा झुलला, झुलत राहिला, सावकाश थांबला. तिने वाचलं. पुन्हा उचलून पुन्हा ठेवलं. पुन्हा वाचलं. या घरात पन्नास ग्रॅमला दोन मिलिग्रॅमपर्यंतच्या फरकाला माफी होती. हे चारने हलकं होतं. आत्याचे डोळे आता काट्याच्या टोकापर्यंत पोचत नव्हते, एवढंच. त्यात दुसरं काही नव्हतं.

सगळे ताईकडे बघत होते. भाऊने तिच्या खांद्यावरून आकडा वाचला आणि चटकन नजर वळवली. वहिनीने ओठ हलवून, आवाज न करता म्हटलं, शिक्का मारून टाका.

या बाईने तिला चिमटा धरायला शिकवलं होतं. तिने वजन उचललं आणि आत्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं.

"आत्या, चारनं कमी आहे." आणि ते बादच्या ताटलीत ठेवलं.

आत्याचा चेहरा पडला. एक क्षण ती खरोखर एक्याऐंशी वर्षांची दिसली. भाऊ पुढे झाला, पण तिने काठीनेच त्याला थांबवलं. ती स्वतः उठली, ताटलीतून आपलं वजन उचललं, हातात जोखलं, आणि मुठीत घट्ट धरून दुकानाच्या दाराकडे चालू लागली.

"आत्या, कुठे?" ताई घाबरून मागे गेली.

आत्या दारातून रस्त्यावर उतरली होती. समोरच्या काच कापणाऱ्याच्या दुकानाची फळी रविवारीही अर्धी उघडी असायची. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि मूठ वर करून तिने त्याला हाक मारली.

"अहो काचवाले! बाहेर या. माझं वजन बाद केलं पोरीनं!" तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "माझं! छत्तीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती! हे बघा, चारनं कमी!"

काचवाला बाहेर आला, शेजारचा न्हावी आला, वरच्या खिडक्या उघडल्या. आत्या एकेकाला जवळ बोलावून ते हलकं वजन दाखवत होती. स्वतःच्या कुठल्याही यशाबद्दल तिने आजवर शेजाऱ्यांना चकार शब्द सांगितला नव्हता.